पर्यायी विश्व आणि वेगळी कंटिन्युइटी: फरक आहे की उगाच कीस काढतोय?

चकवा

मंडळी, त्या दुसऱ्या धाग्यावर मल्टिव्हर्सवरून (एकाच वेळी अनेक विश्वं असण्यावरून) जो धुरळा उडाला तो बघून हा वेगळा धागा काढतोय, तिथे अजून अवांतर केलं तर मूळ धागाकर्ता मला शाप देईल. तिथे निम्मे लोक पर्यायी विश्वाबद्दल बोलत होते, निम्मे वेगळ्या कंटिन्युइटीबद्दल (म्हणजे तीच गोष्ट आधीचं न धरता नव्याने सांगणं), आणि दोन्हीकडचे एकमेकांना "तुम्हाला मुद्दाच कळला नाही" असं सुनावत होते.

मला फरक असा दिसतो. पर्यायी विश्व गोष्टीच्या आत असतं. गोष्टीतल्या माणसांना ते कळू शकतं, तिथे जाता येतं, तिथला आपलाच दुसरा अवतार भेटतो. स्टार ट्रेकमधला १९६७ चा तो आरशातल्या विश्वाचा एपिसोड आठवा, मालिकेतला नेहमीचा स्पॉक, पण दाढीवाला वगैरे. वेगळी कंटिन्युइटी मात्र गोष्टीच्या बाहेर असते, ती फक्त आपल्याला दिसते, पात्रांना तिचा पत्ताच नसतो. गॉडझिलाचं घ्या. १९५४ चा पहिला सिनेमा सगळ्यांना मान्य, पण १९८४ मध्ये जो आला त्याने मधले सगळे झालेच नाहीत असं धरलं, आणि १९९९ ते २००४ च्या सिनेमांनी तर कहर केला, त्यातले बहुतेक १९५४ ला धरून परत पहिल्यापासून सुरू होतात, आदल्या वर्षीच्या सिनेमात शहर पडलं होतं की उभं होतं याच्याशी काही देणंघेणं नाही. कुणाचं काही अडलं का? नाही.

तर वेगळ्या कंटिन्युइटीला माझी हरकत नाही, उलट मजा येते. डोकं फिरतं ते त्यांच्यामध्ये ये-जा करायला दार पाडलं की. दहा जणांनी दहा वेळा आपापल्या पद्धतीने सांगितलेल्या गोष्टी, आणि मग कुणीतरी येऊन म्हणतो की ही सगळी शेजारशेजारची विश्वं आहेत आणि आता सगळे मिळून एका व्हिलनला बडवणार. तिथून पुढे कुणाच्या मरण्याला काही अर्थ राहत नाही, कारण शेजारून दुसरा आणता येतो.

बोला.

रिकामटेकडा

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

पाचवा पांडव

चकवा, तुमची व्याख्या चांगली आहे पण इतिहास बरोबर उलटा आहे. दार नंतर पाडलं असं नाही, दार आधी आलं आणि त्याच्यामुळेच "तिकडे वेगळं विश्व आहे" ही कल्पना कॉमिक्समध्ये रुजली.

१९४० मध्ये जे गॅरिक नावाचा फ्लॅश आला, वाऱ्याच्या वेगाने पळणारा हिरो, लोखंडी टोपीवाला. त्याचं मासिक पुढे बंद पडलं. १९५६ मध्ये डीसी या कॉमिक्स कंपनीने नवा फ्लॅश आणला, बॅरी अ‍ॅलन, पोलीस खात्यातला केमिस्ट. आणि या बॅरीने लहानपणी जे गॅरिकची कॉमिक्स वाचलेली असतात, म्हणून तो फ्लॅश हे नाव घेतो! म्हणजे तोपर्यंत जुना फ्लॅश नव्या फ्लॅशच्या जगात निव्वळ काल्पनिक. मग १९६१ मध्ये १२३ वा अंक आला. बॅरी मुलांच्या कार्यक्रमात दोरीची एक करामत दाखवत असतो, इतक्या वेगाने कंप पावतो की गायब होतो आणि भलत्याच शहरात उगवतो. तिथे तो काय करतो? टेलिफोन डिरेक्टरी काढून जे गॅरिकचा पत्ता शोधतो आणि त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. कानशिलं पांढरी झालेला, लग्न झालेला, निवृत्त फ्लॅश दार उघडतो. आणि कॉमिक्सचं काय, तर बॅरी म्हणतो की ती लिहिणाऱ्या गार्डनर फॉक्सला झोपेत या जगाशी तार जुळत असणार आणि जागा झाला की त्याला वाटत असणार आपणच सुचवलं. गंमत म्हणजे १९४० ची पहिली गोष्ट आणि १९६१ ची ही गोष्ट, दोन्ही खऱ्याखुऱ्या गार्डनर फॉक्सनेच लिहिलेल्या आहेत. बाबाने स्वतःलाच गोष्टीत घातला.

आता सांगा, हे दार वाईट होतं? मला तर वाटतं सगळ्या मल्टिव्हर्स प्रकारातलं इतकं साधं आणि प्रेमळ दार परत झालं नाही.

तिरपागडा

पांडव भाऊ, प्रेमळ वगैरे ठीक आहे हो, पण पुढे काय झालं ते पण सांगा की. त्या एका दारातून चोवीस वर्षांत इतकी विश्वं निघाली की डीसीला स्वतःलाच हिशेब लागेना, आणि १९८५-८६ मध्ये क्रायसिस नावाची बारा अंकांची मालिका काढून सगळी विश्वं मारून एक करावी लागली. त्यात बॅरी स्वतः मेला. आणि एक करून तरी सुटले का? पॉवर गर्ल ही नायिका बिचारी दुसऱ्या पृथ्वीवरच्या सुपरमॅनची चुलत बहीण होती, ती पृथ्वीच नाही म्हटल्यावर तिचा भाऊ नाही, तिचा ग्रह नाही, तिचा जन्म नाही, पण बाईंचं मासिकात काम चालू! मग काय, अटलांटिसच्या एका जादूगाराची वंशज करून टाकली. वीसेक वर्षांनी ते पण रद्द. २००५-०६ ला परत एक क्रायसिस, परत विश्वं, या वेळी मोजून बावन्न. २०११ ला परत पुसलं. बॅरी पण २००८ ला परत आला. सगळा धंदा आहे, जुना माल नव्या खोक्यात.

चकवा

तिरपागडा, पॉवर गर्लचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, धन्यवाद :)

पांडव, १९६१ च्या अंकाला माझा विरोध नाही. पण तिथे बॅरी जे गॅरिकला भेटून, त्याच्याबरोबर एक कामगिरी करून परत जातो. कुणी कुणाची जागा घेत नाही. भांडण आहे ते बदली खेळाडू आणण्याशी.

भिंगरी

गॉडझिलाबद्दल एक. २००४ च्या सिनेमात जपान्यांनी तो १९९८ चा अमेरिकन गॉडझिला "झिला" नावाने आणला आणि खऱ्या गॉडझिलाकडून सिडनीत काही सेकंदांत त्याचा निकाल लावला. म्हणजे दोन कंटिन्युइट्यांची भेट झालीच, फक्त भेट अशी झाली की ज्याचं नाव ते.

आता माझा मुद्दा. तुमची आत-बाहेरची रेघ फुलमेटल अल्केमिस्ट या दोन भावांच्या जपानी गोष्टीवर तपासून बघा. मांगा (जपानी कॉमिक) २००१ ते २०१०. पहिली अ‍ॅनिमे (कार्टून मालिका) २००३ ला आली तेव्हा मांगा अर्धीसुद्धा झाली नव्हती, त्यामुळे अ‍ॅनिमेवाल्यांनी मध्यातून आपला रस्ता धरला आणि ५१ भागांत आपला शेवट केला. मग २००९ ला मांगाला धरून परत पहिल्यापासून ६४ भाग. दोन स्वच्छ वेगळ्या कंटिन्युइट्या, मध्ये दार नाही, तुमच्या नियमात बसतात. पण २००३ वालीमध्ये शेवटी शेवटी जो दरवाजा आहे (शब्दशः दरवाजा!) त्याच्या पलीकडे आपलं जग निघतं, पहिल्या महायुद्धातलं लंडन. म्हणजे वेगळ्या कंटिन्युइटीच्या पोटात पर्यायी विश्व.

आणि मला त्यातली जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. दोन्हीत होमुन्क्युलस (माणसासारखे दिसणारे राक्षस) आहेत, नावं तीच, दिसायला जवळपास तेच. पण २००३ मध्ये मेलेल्या माणसाला परत आणायचा प्रयत्न फसला की त्यातून होमुन्क्युलस जन्मतो, म्हणजे प्रत्येक राक्षसामागे कुणाचं तरी दुःख आहे, कुणी तरी आपलं माणूस परत आणायला गेलं होतं. मांगात ते एका मुख्य खलनायकाने आपल्या अंगातले दुर्गुण काढून बनवलेत. एकच नियम बदलला आणि एक गोष्ट शोकाची झाली, दुसरी सत्तेची. पात्रं तीच, तारुण्य तेच, भाऊ तेच. हे एका कंटिन्युइटीत बसूच शकलं नसतं. म्हणून वेगळी कंटिन्युइटी म्हणजे "चुकीची आवृत्ती" असं म्हणणाऱ्यांचा णिषेध.

नवी मुक्ता

नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच लिहितेय. यातलं अर्धंअधिक डोक्यावरून गेलं पण मजा येतेय. भिंगरीताई, मी दोन्हीपैकी काहीच पाहिलेलं नाही, कुठून सुरू करू?

उंटावरचा शहाणा

चर्चा छान चाललीय पण सगळे १९४० च्या अलीकडेच फिरताय. आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावरचं उत्तरही तयार आहे. पुराणांमध्ये एकच कथा दोन ठिकाणी दोन तऱ्हेने येते, मग जुने भाष्यकार काय म्हणतात? कल्पभेद, कल्प म्हणजे सृष्टीचा एक फेरा. ही कथा या कल्पातली, ती त्या कल्पातली, दोन्ही खऱ्या, वाद बंद. तुलसीदास तर बालकांडात आधीच बजावून ठेवतात की कल्पाकल्पात हरीची चरित्रं वेगळी, मुनींनी ती अनेक तऱ्हांनी गायली, तेव्हा शंका न धरता आदराने ऐका. आणि रामजन्माची कारणंही एक नाही देत, जय-विजयांचा शाप, जालंधर, नारदाचा शाप, प्रतापभानू राजा, वेगवेगळ्या कल्पांची वेगवेगळी. आजच्या भाषेत हा सरळ मल्टिव्हर्स आहे, आणि कुठलीही पृथ्वी न मारता केलेला.

जैनांनी मात्र कल्पभेद वगैरे भानगड ठेवली नाही. विमलसूरीच्या पउमचरियात, म्हणजे जैन रामायणात, रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो, कारण राम अहिंसक असायला हवा. ती खरी वेगळी कंटिन्युइटी, मुद्दाम केलेली, "बाकीचे चुकीचं सांगतात" असं सांगून केलेली.

आता चकवा, तुमच्यासाठी खास. अध्यात्म रामायणात राम सीतेला वनात नेत नाही म्हणतो. सीता आधी सगळे नेहमीचे युक्तिवाद करते, आणि मग म्हणते की मी पुष्कळ रामायणं ऐकली आहेत, त्यातल्या एकात तरी सीतेला सोडून राम वनात गेलाय का? हे आत की बाहेर? पात्राला दुसऱ्या कंटिन्युइट्या माहीत आहेत. दार नाही, कुणी ये-जा करत नाही, पण माहीत आहे.

रिकामटेकडा

सीतेने कॅनन (अधिकृत मानलेली गोष्ट) दाखवून वाद जिंकला!! शहाणे, साष्टांग दंडवत. यापुढे कुणी मला "हे पुस्तकात असं नव्हतं" म्हटलं की चिडणार नाही.

पाचवा पांडव

जबरदस्त. वाचनखूण साठवली आहे.

चकवा

शहाणे, यावर जरा विचार करावा लागला. पण बघा, सीता दुसऱ्या रामायणातून काही उचलून आणत नाही. ती फक्त साक्ष काढते. गोष्ट आपल्याच पायांवर पुढे जाते, तिला वनातले हाल तितकेच भोगावे लागतात, पुढे काय होणार ते माहीत असूनसुद्धा. उलट माहीत आहे म्हणूनच ते "मला ने" जास्त लागतं. माझी तक्रार आयातीबद्दल आहे, माहितीबद्दल नाही.

उंटावरचा शहाणा

मग मरणाचं बोलू, कारण तुमचा मूळ दावा तोच होता की विश्वं अनेक झाली की मरणाला अर्थ राहत नाही. ए. के. रामानुजन यांनी अनेक रामायणांवरच्या निबंधाच्या सुरुवातीलाच एक लोककथा दिलीय. रामाची अंगठी बोटातून निसटून जमिनीतल्या भोकात पडते. हनुमान एवढासा होऊन तिच्यामागे पाताळात जातो. इकडे तेवढ्यात रामाचा अवतार संपवायची वेळ होते, ती अंगठी म्हणजे हनुमानाला दूर पाठवायचा बहाणा. पाताळात भुतांचा राजा हनुमानासमोर ताट ठेवतो, ताटात हजारो अंगठ्या, सगळ्या रामाच्याच, आणि म्हणतो यातली तुझ्या रामाची घे. हनुमान म्हणतो मला ओळखता येत नाहीये. राजा म्हणतो जितक्या अंगठ्या तितके राम होऊन गेले, तू वर जाशील तेव्हा तुझा राम नसेल, अवतार संपत आला की अंगठी पडते, मी गोळा करून ठेवतो.

राम हजारो आहेत म्हणून हनुमानाचं दुःख कमी झालं का? मला तर उलट वाटतं. एक अंगठी असती तर ती तरी उचलून आणता आली असती.

तिरपागडा

खरंच सांगतो, हे वाचून धंदाबिंदा सगळं विसरलो दोन मिनिटं.

भिंगरी

+१. आणि चकवा, याच्या बरोबर उलटं उदाहरण रिक अँड मॉर्टी या कार्टून मालिकेतलं, २०१४ चा पहिल्या सीझनचा सहावा भाग. (स्पॉयलर) आपल्या जगाचं वाटोळं करून झाल्यावर दोघं अशा विश्वात जातात जिथे सगळं ठीक आहे आणि तिथले रिक-मॉर्टी नुकतेच मेलेत. मग स्वतःचीच प्रेतं मागच्या अंगणात पुरायची आणि घरात जाऊन बसायचं. ही तर शंभर टक्के बदली, तुम्हाला नको असलेली. पण तिथे मॉर्टी सुन्न होऊन घरात फिरतो, आईबाप नेहमीसारखे भांडतायत, कुणालाच काही कळलेलं नाही, आणि पुढच्या एका भागात तो बहिणीला खिडकीतून ती जागा दाखवून सांगतो की ते तिथे माझं प्रेत आहे. बदली आणली म्हणून गोष्ट हलकी नाही झाली, कारण लिहिणारे विसरले नाहीत. हलकी होते ती विसरल्यावर.

चकवा

हे मान्य करण्यासारखं आहे. म्हणजे दार असणं-नसणं यापेक्षा दारातून आल्यावर कुणाला तरी ते लागलंय का हे बघायचं. २००९ चा स्टार ट्रेक याच्यात बसतो. खरं तर ते रीबूट होतं, गप्प नव्याने सुरू केलं असतं तरी चाललं असतं. पण जुन्याला पुसायचं नाही म्हणून त्यांनी म्हातारा स्पॉक पलीकडून आणला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा व्हल्कन ग्रह गेला. आणि तो पुढच्या सिनेमांत परत नाही आला, गेला तो गेलाच. ते दार मला कधीच खटकलं नव्हतं, का ते आता कळलं.

तरीसुद्धा दहातले आठ विसरतात हे माझं म्हणणं कायम.

वाचनवेडी

उशिरा येतेय. सगळे दारावर बोलताय, पण दार न ठेवता बाहेर काढणंही किती लागतं त्याबद्दल कुणीच बोललं नाही. एप्रिल २०१४ ला स्टार वॉर्सवाल्यांनी जाहीर केलं की जुन्या कादंबऱ्या, कॉमिक्स सगळं आता "लेजेंड्स", म्हणजे दंतकथा. १९९१ पासून जे लोक ती पुस्तकं वाचत मोठे झाले त्यांना एका निवेदनात सांगितलं की हे घडलंच नाही. व्यवसाय म्हणून कळतं, नवीन सिनेमे काढायचे तर वीस-पंचवीस वर्षांच्या पुस्तकांना बांधून घेता येत नाही, आणि पुस्तकं छापणं त्यांनी बंद केलं नाही हेही खरं. पण मग २०१६ मध्ये त्याच पुस्तकांतला थ्रॉन हा व्हिलन उचलून मालिकेत घेतला. मारा जेडला नाही घेतलं. ल्यूकची बायको, त्याच पहिल्या कादंबरीत थ्रॉनबरोबर आलेली. व्हिलन उपयोगी होता म्हणून त्याला व्हिसा मिळाला, ती राहिली तिकडेच. ही पण आयातच झाली ना चकवा, फक्त दार न दाखवता, मागच्या बाजूने?

पाचवा पांडव

मारा जेडसाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

तिरपागडा

वाचनवेडी, तेच तर मी म्हणतोय पहिल्यापासून. कॅनन म्हणजे हक्क कुणाकडे आहेत त्याचं नाव. माइल्स मोरालेस बघा, तो दुसरा स्पायडरमॅन. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने २००० मध्ये नव्या वाचकांसाठी वेगळी अल्टिमेट कंटिन्युइटी काढली, जुन्याचं ओझं नको म्हणून. तिथला पीटर पार्कर, म्हणजे मूळ स्पायडरमॅन, २०११ ला मेला, माइल्स आला, लोकांना आवडला. मग २०१५ ला ते विश्व बंद केलं आणि माइल्सला उचलून मुख्य विश्वात. दुकान बंद, चालणारा माल मोठ्या दुकानात.

भिंगरी

पण तिरपागडा, माइल्स तयार झालाच वेगळ्या कंटिन्युइटीमुळे. मुख्य विश्वात कुठल्या संपादकाने पीटरला मारून एका शाळकरी मुलाला त्याच्या जागी उभा केला असता? आणि केला असता तरी कुणी विश्वास ठेवला नसता की हे टिकेल. तिकडे बाजूला होतं म्हणून धाडस झालं. (नंतर त्या पीटरलाही थोडा वेळ परत आणलाच, पण ते सोडा.)

उंटावरचा शहाणा

अवांतर: नारळीकरांचं गंगाधरपंतांचं पानिपत कुणी कसं काढलं नाही अजून? एक गोळी विश्वासरावांना लागत नाही आणि १७६१ ला मराठे जिंकतात, इतिहासाचा प्राध्यापक त्या जगात जाऊन येतो, तिकडचं एक पान खिशात राहतं. दार एकदाच, अपघाताने, आणि परत आल्यावर त्याच्याकडे तेवढंच. चकवांच्या सगळ्या अटी पूर्ण.

रिकामटेकडा

आलो. पण माझं सविस्तर राहू द्या, तुम्ही सगळं लिहून टाकलंत. फक्त एक प्रश्न, कृपया हलके घ्या. २००६ ला बॉन्ड पहिल्यापासून सुरू केला, नुकताच डबल ओ (खून करायचा परवाना मिळालेला हेर) झालेला, आधीचं काही घडलेलं नाही. मग १९९५ पासून आधीच्या बॉन्डची बॉस असलेली जुडी डेंचची एम तिथे कशी? तीच बाई, तेच पद. सीतेसारखं तिला पण आधीचे सगळे बॉन्ड माहीत आहेत का?

तिरपागडा

असणारच. म्हणून तर नव्याशी पहिल्या दिवसापासून इतकी वैतागून बोलते.

चकवा

ती बाई चांगलं काम करत होती म्हणून ठेवली, एवढंच कारण आहे, आणि मला हे कारण कुठल्याही क्रायसिसपेक्षा जास्त पटतं.

भिंगरी

मुक्ता, तुझं उत्तर राहिलं. आधी २००३ बघ, मग २००९. कारण सुरुवातीचे प्रसंग दोन्हीत बरेचसे सारखे आहेत आणि २००९ वाले "लोकांनी हे पाहिलंच असेल" असं धरून पळतात. एका पात्राचा मृत्यू आहे, नाव सांगत नाही. २००३ मध्ये तो पंचविसाव्या भागात येतो, तोवर तो माणूस घरच्यासारखा झालेला असतो. २००९ मध्ये दहाव्याच भागात. पहिल्यांदा तो मृत्यू २००३ मध्येच बघ.

पाचवा पांडव

असहमत. मूळ लेखिकेची गोष्ट आधी, म्हणजे २००९. २००३ चा शेवट आधी बघितला तर दुसऱ्यात प्रत्येक होमुन्क्युलसकडे बघून "हा कुणाचं माणूस होता" असं शोधत बसशील आणि तिथे ते नाहीच आहे.

नवी मुक्ता

पांडवदादा, तुम्ही ज्याला तोटा म्हणताय तेच ऐकून मला २००३ बघावीशी वाटतेय. आज रात्री सुरू करते. तो पंचविसावा भाग झाला की इथे येऊन भिंगरीताईंशी भांडेन.